जयाबाईचं फाटक

उद्यमबागेतल्या त्या ओतकामाच्या कारखान्यात मालक कुणापुढं खिसे रिकामे करतील असं कुणाला स्वप्नातही वाटलं नसतं. पण जयाबाईपुढं ते करायचे. कारखान्याच्या मागच्या अंगाला जाळीचं कुंपण, कुंपणात आडवी निजलेली पांढरी प्रोपेनची टाकी, आणि फाटकाशी पत्र्याच्या सावलीत खुर्ची टाकून बसलेली जयाबाई. शेजारी कप्प्यांची एक लाकडी पेटी. आत जायचं तर काडेपेटी, लायटर, मोबाइल, ठिणगी पाडू शकेल असं जे काही अंगावर असेल ते त्या पेटीत ठेवायचं, मगच फाटक उघडणार. एकोणीस वर्षं हा नेम. मालक म्हणजे उपेंद्रसाहेब. त्यांचा महागाचा फोनसुद्धा कुणा हेल्पराच्या लायटरशेजारच्या कप्प्यात पडायचा, आणि तो देताना साहेब म्हणायचे, "घ्या आक्का, झडती घ्या." बाई हसायची नाही. हसलं की वचक राहत नाही, हे तिनं पहिल्या वर्षीच ओळखलं होतं.

तिचा नवरा मष्णू ह्याच कारखान्यात भट्टीवर होता. छातीत कळ येऊन तो गेला तेव्हा साहेबांच्या वडिलांनी त्याच्या जागी हिला कामावर घेतलं. आधी झाडलोट होती. मग एकदा टँकरच्या ड्रायव्हरनं आवारात बिडी पेटवली आणि हिनं हातातला खराटा उगारून त्याला गेटाबाहेर घालवला. ते टाकीचा फिटर भरमू बघत होता. त्यानं साहेबांना जाऊन सांगितलं, "फाटकावर ही बाई बसवा. ही कुणाच्या बापाला भीत न्हाय."

भरमूनंच तिला सगळं शिकवलं. वितळलेलं लोखंड ज्या लॅडलमधून, म्हणजे मोठ्या पळ्यांमधून, ओततात ते आधी तापवावे लागतात, त्यासाठी हा गॅस. तो दिसत नाही आणि हवेपेक्षा जड, म्हणजे सुटला की वर जात नाही, पाण्यासारखा जमिनीवरून पसरत ठिणगी शोधतो. टँकर आला की आधी चाकांना लाकडी ठोकळे लावायचे. मग चिमटा. रस्त्यानं धावून धावून टँकरच्या अंगात वीज साठलेली असते, ती जमिनीत उतरवायला तांब्याच्या तारेचा चिमटा टँकरच्या पितळी खुंटीला लावायचा, आणि तोही उघड्या धातूवर. रंगावर लावलेला चिमटा लावला न लावला सारखाच. "पिवळं पितळ दिसल्याबिगर चिमटा लावायचा न्हाय," असं भरमू म्हणाला होता, आणि त्या कामासाठी पितळी तारांचा एक ब्रश त्यानं तिच्या हवाली केला होता. चिमटा लावल्यावर दहा मिनिटं थांबायचं. मग नळी जोडायची.

किल्लीची युक्ती मात्र तिची स्वतःची. नळी जोडलेली असताना एखाद्या येड्यानं गाडी चालू करून पुढं घेतली तर नळी तुटणार आणि सगळं आवार गॅसनं भरणार. म्हणून टँकर थांबला की ती ड्रायव्हरपुढं हात करायची, किल्ली घ्यायची, पदराच्या टोकाला बांधायची आणि पदर कमरेला खोचायची. गॅस उतरून नळी सुटेपर्यंत ती गाठ सुटायची नाही. कोल्हापूरकडनं येणारे दांडगे दांडगे ड्रायव्हर बाकावर गप बसून राहायचे. त्या दोन तासांत बाईला असं वाटायचं की कारखाना आपल्यामुळंच चालला आहे, आणि त्यात फारसं खोटंही नव्हतं. टँकरचा दिवस म्हणजे तिचा सणाचा दिवस. त्या दिवशी ती मुद्दाम नायलॉनची जांभळी साडी नेसून यायची.

आणि मग रचना आली.

रचना म्हणजे काही परकी पोरगी नव्हे. जयाबाईची धाकटी जाऊ मनुबाई, तिची ती लेक. खानापूर रस्त्यावरच्या गावात दोघी जावांची घरं भिंतीला भिंत लावून. पोरगी डिप्लोमा झाली, मग सुरक्षिततेचा आणखी एक कोर्स केला, दोन वर्षं हुबळीकडं नोकरी केली आणि एका सोमवारी ह्याच कारखान्यात सेफ्टी ऑफिसर म्हणून हजर झाली. डोक्यावर पांढरं हेल्मेट, अंगात सुती कोट, हातात कागद लावलेली पाटी. मनुबाईनं आदल्या दिवशी गल्लीभर पेढे वाटले होते. जयाबाईनं पेढा घेतला, पदराआड धरला आणि घरी येऊन म्हशीला घातला.

तुम्ही म्हणाल, एवढं काय झालं? पुतणीच ना? पण जयाबाईच्या बाजूनं बघा. सत्तर बाप्यांच्या कारखान्यात ज्या एका बाईला सगळे दबून होते ती बाई आपण, हे तिचं एवढंच तर होतं. मुलगा पुण्याला बायकोच्या ओंजळीनं पाणी पितो, शेत दिराच्या ताब्यात. मनुबाईला नवरा आहे, शेत आहे, दारात नवी गाडी आहे. जिच्याकडं सगळं होतं तिच्याच घरातनं कुणीतरी उठून हिच्या खुर्चीकडं चालत आलं. बाईच्या पोटात दुखायला लागलं ते तेव्हापासून.

पहिल्याच टँकरच्या दिवशी दोघींत ठिणगी पडली. जांभळी साडी नेसून बाई फाटकात उभी, भोवती भरमू, ड्रायव्हर, चार हेल्पर. रचना आली, साडीकडं बघितलं आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "जयाबाई, ही साडी इथं चालणार नाही. नायलॉन घासलं की ठिणगी पडते. उद्यापासून सुती साडी आणि वरून हा कोट."

घरी "मोठी आई" म्हणणारी पोरगी इथं जयाबाई म्हणाली. बरं, कामाच्या ठिकाणी नातं नको, हेही एकवेळ मान्य. पण एकोणीस वर्षं आपण टाकीपाशी ठिणगीच नेसून उभ्या होतो हे चार हेल्परांसमोर सांगायची काय गरज होती? बाजूला घेऊन सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं? हेल्परातला एक खुदकन हसला. जयाबाईच्या अंगाचा तिळपापड झाला. त्याहून वाईट म्हणजे पोरगी बोलली ते बरोबर होतं, आणि हे भरमूच्या खाली गेलेल्या मानेवरनं कळत होतं.

पुढं रोज काहीतरी होत गेलं. तोंडी चालायचं ते फळ्यावर लिहून लागलं, कानडीत आणि मराठीत. वारा कुठल्या बाजूचा आहे ते कळायला कापडी पिशवी काठीवर चढली. दर महिन्याला कामगारांना गोळा करून भाषण. पहिल्या भाषणात रचनानं सांगितलं की हे वेड तिला लहानपणी लागलं, दसऱ्याला एकदा हीच टाकी बघून. टाकी बघायला कुणी आणली होती? जयाबाईनं. कडेवरनं उतरत नव्हती तेव्हा ही पोरगी. भाषणात ते नाव आलं नाही. "नाव घ्यायला काय जीभ झिजली असती?" बाई भरमूला म्हणाली.

"ऱ्हाऊ दे गं," भरमू म्हणाला. "पोरगी कामाची हाय. लई शिकल्यालीया."

हे ऐकून तर बाईच्या नाकाला मिरच्याच झोंबल्या. भरमूसुद्धा तिकडं गेला. साहेब कौतुकानं मॅडम मॅडम करतात. हेल्पर पोरं तिच्यापुढं बिनबोलता हेल्मेट घालतात, आणि तिला त्यासाठी खराटा उगारावा लागत नाही. जयाबाई खुर्चीत बसल्या बसल्या रचनाचं चालणं, बोलणं, पाटीवर लिहिणं न्याहाळायची, कुठं चुकते का बघायची. पोरगी चुकत नव्हती. ह्याचा तर तिला सगळ्यात जास्त राग होता.

मग साहेबांनी एक दिवस तिला बोलावून घेतलं. कारखाना वाढवायचा होता, दुप्पट मोठी टाकी बसवायची होती. परवानगीसाठी तपासणीला माणसं येणार होती. "आक्का, रचनामॅडमच्या अहवालात आहे," साहेब चाचरत म्हणाले, "फाटकावर कोर्स केलेला माणूस पाहिजे. किल्लीला कुलपाची पेटी येणार. तपासणी नीट पार पडली की तुम्हाला कँटीनला देतो. सावलीतलं काम. पगार तोच."

"आणि न्हाय पार पडली तर?"

साहेब हसले. "मग टाकी तीच, फाटक तेच आणि तुम्ही त्याच. पण पार पडू दे म्हणा."

जयाबाई वळली आणि फाटकाकडं चालती झाली. त्या दिवशी घरी जाताना बसमध्ये शेजारच्या बाईला तिनं विनाकारण झापलं. कँटीनमध्ये चहाचे पेले विसळायचे, आणि फाटकावर दुसरं कुणीतरी साहेबांचा फोन ठेवून घेणार. हे पोरीनं केलं. आपल्या जावेच्या पोरीनं कागदावर चार ओळी लिहून आपली खुर्ची काढून घेतली. पुढचे पंधरा दिवस बाईच्या मनात एकच गोष्ट होती. तपासणीच्या दिवशी हिची शोभा झाली पाहिजे.

तो दिवस आला. अकराच्या सुमारास टँकर आला, कोगनोळी नाक्यावर तासभर अडकून. ड्रायव्हर नेहमीचा, जोतिबा. टँकर मात्र नवा दिसत होता, कारण नुकताच रंगवून काढला होता, वरपासून खालपर्यंत चकचकीत चंदेरी. दोन तपासणीस आले होते. एक पोरगेला, दुसरा चष्म्यातला वयस्कर, धारवाडकडचा, मराठी तोडकं बोलणारा. साहेब सोबत होते. सगळ्यांनी पेटीत फोन ठेवले. जयाबाई सुती साडीत, वर कोट. जोतिबानं गाडी बंद करून किल्ली तिच्या हातावर ठेवली आणि तिनं ती पदराला बांधली. कुलपाची पेटी अजून यायची होती.

चाकांना ठोकळे लागले. ब्रश हातात घेऊन बाई चिमट्याकडं वळली, तशी रचना पुढं झाली. "राहू द्या जयाबाई. आज मी करून दाखवते." तपासणीसांकडं बघत तिनं चिमटा उचलला, टँकरच्या खालच्या अंगाला चिमट्यासाठी जी पितळी खुंटी असते तिला लावला, आणि पहिल्या पायरीपासून समजावून सांगायला लागली.

जयाबाईनं खुंटीकडं बघितलं. खुंटी चंदेरी होती.

रंगवणाऱ्यानं रंगाच्या फवाऱ्याचं पिस्तूल फिरवताना खुंटीसुद्धा रंगवून टाकली होती. रंग धातूच्याच तोंडवळ्याचा, म्हणून लांबून उघडा धातूच वाटत होता. पण पितळ पिवळं असतं. एकोणीस वर्षं ते घासणाऱ्या बाईला हे सांगायला कुठला कोर्स नको होता. चिमटा रंगावर बसला होता. टँकरच्या अंगातली वीज टँकरमध्येच होती. रचनाला ते दिसलं नव्हतं. चुकली, पोरगी चुकली. बाईला जे वाटलं ती भीती नव्हती. खरं सांगायचं तर तो आनंद होता.

तिनं ब्रश कोटाच्या खिशात घातला आणि तोंड मिटून घेतलं.

थांबायची दहा मिनिटं सुरू झाली. आता तपासणीसाला दिसेल, बाई मनात म्हणत होती. चष्मेवाला वाकेल, बघेल, सगळ्यांसमोर विचारेल की मॅडम, हे काय? साहेबांचं तोंड पडेल. मनुबाईचे पेढे तिच्या घशात अडकतील. पण चष्मेवाला लिहीत होता आणि पोरगेला पाणी मारायचा नळ तपासत होता. दोन मिनिटं गेली, चार गेली. रचना टँकरच्या अंगावर तळवा टेकवून सोप्या शब्दांत सांगत होती, साबणाच्या पाण्यानं सांधे कसे तपासायचे, कुणाला पळायला कुठली वाट. काय छान बोलते, असं जयाबाईला वाटलं, आणि असं वाटल्याबद्दल स्वतःचाच संताप आला. बघा की रं मेल्यांनो, खाली बघा. सात मिनिटं. कुणी बघत नव्हतं.

दहा मिनिटं झाली. "भरमूआण्णा, नळी घ्या," रचना म्हणाली.

भरमूनं नळी खांद्यावर घेतली. म्हातारा दोन पावलं पुढं आला, टँकरच्या तोंडावरची टोपी काढायला त्यानं हात घातला. गप बसायचं ठरवलं होतं जयाबाईनं. पण एकोणीस वर्षांची सवय तिच्या ठरवण्यापेक्षा जुनी होती.

"थांब," ती ओरडली. "आण्णा, हात काढ. कुणी कशाला हात लावू नगा."

ती धावत टँकरपाशी आली, खाली वाकली, चिमटा काढला आणि खुंटीवर ब्रश चालवला. चंदेरी साल निघाली, खालनं पिवळं पितळ उघडं पडलं. साहेब पांढरे पडले. भरमूनं नळी हळूच खाली ठेवली. रचनानं खुंटीकडं बघितलं आणि क्षणभरही न घालवता ती म्हणाली, "चूक माझी आहे. मी घासून बघायला पाहिजे होतं. पुन्हा दहा मिनिटं थांबू." तिनं चिमटा पितळावर लावला आणि तारेला ओढ देऊन बघितली.

झालं ते जयाबाईच्या मनासारखं झालं होतं. पोरगी चुकली होती आणि सगळ्यांनी बघितलं होतं. पण चष्मेवाल्यानं चष्मा काढून पुसला, साहेबांकडं वळला आणि त्याचा चेहरा उजळलेला होता. "साहेब, हे बघा, ह्याला म्हणतात ट्रेनिंग. फाटकावरची बाई ऑफिसरला थांबवती. मी वीस वर्षांत हे बघितलं नाही. मॅडम, चांगलं शिकवलंय तुम्ही हिला."

शिकवलंय? हिनं? मला? नजर माझी, ब्रश माझा, आणि शाबासकी पुन्हा तिलाच. तिला आवरता आलं नाही.

"तिनं काय शिकवलंय मला?" जयाबाई कडाडली. "ती परकरात हुती तवापास्नं मी पितळ घासतोय. आणि आत्ता दिसलं व्हय मला? दहा मिनिटं झाली बघून. तिनं चिमटा लावला तवाच मला दिसलंतं. तुमच्या कुणाच्या आधी."

जयाबाई अजून विजयानं सगळ्यांकडं बघत होती, आणि मग चष्मेवाल्यानं अगदी हळू विचारलं, "दहा मिनिटं आधी दिसलं? मग बोलला का नाही, अम्मा?"

आपण काय बोलून बसलो ते बाईला तेव्हा कळलं. भरमू तिच्याकडं बघत होता, आणि त्याच्याकडं तिला बघवलं नाही.

गॅस नीट उतरला. जोतिबा किल्ली घेऊन गेला. तपासणीस जाताना म्हणाले, परवानगीचं पुढं बघू, आधी आजचा अहवाल लेखी पाठवा. साहेबांनी जयाबाईला आवाज न चढवता सांगितलं, "आक्का, परवानगी मिळो न मिळो, उद्यापासून फाटकावर येऊ नका." ती हो म्हणाली. दुसरं म्हणण्यासारखं काही नव्हतं.

जेवणाच्या सुट्टीत रचनानं तिला आपल्या केबिनमध्ये बोलावलं. टेबलावर त्या अहवालाचा छापील फॉर्म होता. पोरगी ओरडेल, रडेल, आईला सांगते म्हणेल, असं बाईनं धरलं होतं आणि त्याला उत्तरही तयार ठेवलं होतं. रचना तसलं काही बोलली नाही. "दहा मिनिटं," ती म्हणाली, "मी टँकरला हात लावून उभी होते."

जयाबाईच्या उत्तरात हे नव्हतं. पंधरा दिवस तिनं मनात साहेबांचं पडलेलं तोंड बघितलं होतं, मनुबाईचं उतरलेलं तोंड बघितलं होतं, पोरीचा पाणउतारा बघितला होता. टँकर पेटलेला तिनं एकदाही बघितला नव्हता. आत्ता तो दिसला, आणि त्याच्यापाशी उभी कोण होती तेही दिसलं. ती समोरच्या खुर्चीत बसली.

"माझी चूक वर लिहिली आहे," रचना म्हणाली आणि फॉर्म फिरवून तिच्यापुढं धरला. "खाली तुमचं लिहावं लागेल. खोटं लिहिता येत नाही."

आणि खरं सांगू? एवढं होऊनसुद्धा बाईला त्या क्षणी हेवाच वाटला. चूक माझी, असं ही पोरगी किती सहज म्हणाली होती, सगळ्यांसमोर, दोन तपासणीसांपुढं, स्वतःची नोकरी पणाला लावून. आपल्याला ते बावन्न वर्षांत एकदाही जमलं नव्हतं. नवऱ्यापुढं नाही, पोरापुढं नाही, जावेपुढं तर नाहीच.

"लिव्ह," ती म्हणाली. "जयाबाईनं बघितलं आणि गप बसली. अकरा वाजून वीस मिनिटं."

रचनानं लिहिलं. मग पेन एका रकान्यापाशी थांबलं. "कारण विचारलंय," ती म्हणाली. "माहिती नव्हती, लक्ष नव्हतं, आवाज पोचला नाही, इतर. मी लक्ष नव्हतं असं लिहू का?"

"आत्ताच म्हणालीस न्हवं, खोटं लिवता येत न्हाय?"

"मग काय लिहू?"

बाहेर कँटीनपाशी पेल्यांचा आवाज चालला होता. जयाबाईनं डोळ्यांवरनं पालथा हात फिरवला.

"इतर," ती म्हणाली. "आणि म्होरं लिव्ह, हेवा. सरळ अक्षरात लिव्ह, मला वाचून सही करायची हाय."